'अक्षांश', 'मुभा' आणि 'वाव' : 'लॅटिट्यूड' या शब्दाच्या मराठी पर्यायांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

इंग्रजीतील 'लॅटिट्यूड' या शब्दाला मराठीत 'अक्षांश' असा पर्याय आहे, हे आपण शालेय वयापासून शिकत आलो आहोत. हाच इंग्रजी शब्द एखाद्या न्यायनिर्णयात, शैक्षणिक धोरणविषयक चर्चेत किंवा समीक्षापर लेखनात आला, की मात्र 'अक्षांश' निरुपयोगी ठरतो. तेथे आपण 'मुभा', 'मोकळीक', 'सवलत', 'सूट', 'वाव' यांपैकी जो शब्द प्रथम सुचेल तो योजतो आणि पुढे जातो. या व्यवहारामागे दोन गृहीतके दडलेली आहेत. पहिले असे, की 'अक्षांश' हा 'लॅटिट्यूड'चा अनुवाद आहे. दुसरे असे, की इंग्रजी शब्द एकाच वेळी भूगोल आणि स्वातंत्र्य असे दोन्ही अर्थ पेलतो, मराठीला ते साधत नाही. म्हणून मराठी तेथे तोकडी पडते. ही दोन्ही गृहीतके तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. 'अक्षांश' हा अनुवाद नसून स्वतंत्र निरीक्षणातून सिद्ध झालेली संज्ञा आहे आणि दुसऱ्या अर्थासाठी मराठीत असलेली अनेकता हे दारिद्र्य नसून विवेकाचे साधन आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

रुंदीतून घडलेला शब्द

'लॅटिट्यूड' हा शब्द लॅटिन 'लातितूदो' या शब्दापासून आला. त्याच्या मुळाशी 'लातुस' म्हणजे रुंद हे विशेषण आहे. अर्थात 'लातितूदो' म्हणजे रुंदी. पृथ्वीवरील स्थाननिश्चितीशी रुंदीचा संबंध कसा आला, याचे उत्तर ग्रीक भूगोलात सापडते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने आपल्या भूगोलग्रंथात स्थळांची नोंद 'मेकोस' म्हणजे लांबी आणि 'प्लातोस' म्हणजे रुंदी अशा दोन मापांनी केली. त्याला ज्ञात असलेले वस्तीयोग्य जग पूर्व-पश्चिम दिशेने सुमारे १८० अंश पसरलेले होते; दक्षिणोत्तर विस्तार मात्र सुमारे ८० अंशांचाच होता. जी बाजू मोठी ती लांबी आणि जी लहान ती रुंदी, या साध्या व्यवहाराने पूर्व-पश्चिम माप लांबी ठरले आणि दक्षिणोत्तर माप रुंदी. लॅटिनमध्ये हीच जोडी 'लाँगितूदो' आणि 'लातितूदो' या रूपांत उतरली. पृथ्वीच्या गोलाला वस्तुतः ना लांबी आहे, ना रुंदी. म्हणजे हा शब्द पृथ्वीचे वर्णन करीत नाही. एका विशिष्ट काळात माणसाला ठाऊक असलेल्या जगाच्या नकाशाचे वर्णन करतो. तो नकाशा केव्हाच कालबाह्य झाला, शब्द मात्र टिकून राहिला.

अरबी भूगोलवेत्त्यांनीही हीच कल्पना स्वीकारली. अरबीत अक्षांशाला 'अर्द' म्हणतात; फारसी-उर्दू उच्चारात तोच शब्द 'अर्ज' होतो आणि त्याचा अर्थ रुंदी असाच आहे. ठाणे परिसराच्या अभ्यासकाला ही परंपरा परकी वाटू नये. इसवी सन १०३० च्या सुमारास हिंदुस्थानविषयी ग्रंथ लिहिणाऱ्या अल्-बीरूनीने समुद्रकिनाऱ्यावरील 'ताना' म्हणजे ठाणे हे कोकणची राजधानी असल्याची नोंद केली आहे, आणि हाच विद्वान आपण स्वतः ज्यांचे अक्षांश मोजले त्या उत्तरेकडील नगरांची यादीही त्याच ग्रंथात देतो. मराठीने फारसीमार्गे घेतलेला 'अर्ज' हा विनंतिपत्रवाचक शब्द अरबीतील याच धातूचा आहे. मांडणे, समोर ठेवणे आणि रुंद असणे हे अर्थ त्या धातूत एकत्र नांदतात. आपण विनंती ठेवली, रुंदी सोडून दिली. कापडाच्या रुंदीसाठी मराठीने 'पन्हा' हा फारसी शब्द उचलला. म्हणजे 'रुंदी' या अर्थाचे शब्द आपल्याकडे आले, दुकानात आणि कचेरीत रुळले. परंतु पृथ्वीवरील स्थान सांगण्यासाठी मराठीने त्यांपैकी एकही वापरला नाही. त्याचे कारण उघड आहे. तेथे अगोदरच एक वेगळा शब्द प्रतिष्ठित होता.

कलातून घडलेला शब्द

'अक्षांश' हा 'अक्ष' आणि 'अंश' यांचा समास होय. वर्गात या शब्दाची फोड विचारली असता 'अक्ष म्हणजे डोळा' असे उत्तर अनेकदा मिळते. 'अक्षि' आणि 'अक्ष' यांतील सारूप्यामुळे हा समज होणे स्वाभाविक आहे, परंतु तो बरोबर नाही. येथील 'अक्ष' हा गाडीच्या चाकाचा आस, कणा. संपूर्ण खगोल ज्या आसाभोवती फिरताना दिसतो, त्याची दोन टोके म्हणजे ध्रुव. विषुववृत्तावर उभ्या असलेल्या निरीक्षकाला दोन्ही ध्रुव क्षितिजावर टेकलेले दिसतात. आस जणू आडवा पडलेला असतो. निरीक्षक उत्तरेकडे जाऊ लागला, की उत्तर ध्रुव क्षितिजावरून वर चढू लागतो आणि आस कलतो. आसाचा हा कल जितके अंश, तितकेच त्या स्थळाचे अक्षांश. भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी' या ११५० मधील ग्रंथाच्या किती तरी आधीपासून भारतीय ज्योतिषात 'अक्ष' ही संज्ञा या अर्थाने रूढ होती. तिच्याभोवती एक संपूर्ण परिभाषाकुल उभे आहे : ९० अंशांतून अक्षांश वजा केले की 'लंबांश', विषुवदिनी मध्यान्ही बारा अंगुळांच्या शंकूची पडणारी छाया ती 'पलभा' किंवा 'अक्षभा', शंकू आणि छाया यांचा कर्ण तो 'अक्षकर्ण'.

या पारिभाषिक परंपरेचा आधुनिक मराठीत साक्षेपी परिचय करून देण्याचे श्रेय शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) यांच्याकडे जाते. भारतीय ज्योतिःशास्त्राचा त्यांचा इतिहास १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पेशाने शिक्षक असलेले दीक्षित १८८० नंतर काही काळ ठाण्याच्या मराठी शाळेत कार्यरत होते, ही बाब आपल्या परिसराच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. वेद, सिद्धान्त, करणग्रंथ आणि पंचांगे यांचा धांडोळा मराठीतून घेताना त्यांना ही परिभाषा बाहेरून आणावी लागली नाही. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्य भूगोल मराठीत येऊ लागला तेव्हा 'लॅटिट्यूड'साठी शब्द 'घडवावा' लागला नाही, तो होताच. ज्याला आपण अनुवाद समजतो तो वस्तुतः दोन स्वतंत्र संज्ञांचा मेळ आहे.

तथापि येथे एका मोहापासून सावध राहणे आवश्यक आहे. 'पाश्चात्यांनी नकाशा पाहिला, आपण आकाश पाहिले' असे सोपे द्वंद्व उभे करून अभिमान बाळगणे सोयीचे असले, तरी इतिहासाला धरून नाही. ग्रीकांनीही दक्षिणोत्तर पट्ट्यांसाठी 'क्लिमा' असा शब्द वापरला होता आणि त्याचा अर्थ उतार, कल असाच आहे. सर्वांत मोठ्या दिवसाच्या लांबीवरून ते असे पट्टे ठरवीत. हाच शब्द पुढे 'क्लायमेट' होऊन हवामानाकडे गेला, तर अरबीत 'इक्लीम' होऊन प्रदेशवाचक झाला. कलाची कल्पना दोन्हीकडे होती. फरक इतकाच, की युरोपीय भाषांत स्थाननिश्चितीचे काम रुंदीच्या शब्दाकडे गेले आणि कलाचा शब्द अन्यत्र वळला. संस्कृत-मराठीत ते काम कलाच्या शब्दाकडेच राहिले. श्रेष्ठत्वाचा हा प्रश्न नाही. परंतु या निवडीचे परिणाम मात्र दूरगामी झाले.

ठाणे ते कल्याण : एक पडताळा

शब्द निरीक्षणातून आला असेल, तर तो निरीक्षणाने पुन्हा तपासता आला पाहिजे. आपल्या परिसरात ते सहज शक्य आहे. मुंबईहून ठाण्यापर्यंतचा लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला आणि १८५४ मध्ये तो कल्याणपर्यंत पोहोचला. मुंबईहून येताना हा मार्ग साधारणपणे उत्तरेकडे चढतो; ठाण्यानंतर मात्र तो पूर्वेकडे वळतो. ठाणे स्थानकाचे अक्षांश सुमारे १९ अंश ११ कला आणि कल्याणचे सुमारे १९ अंश १४ कला आहेत. म्हणजे दिवा, डोंबिवली असे करीत सुमारे २० किलोमीटरचा प्रवास करणारा प्रवासी उत्तरेकडे अवघा पाच-सहा किलोमीटर सरकतो. अक्षांशात पडणारा फरक जेमतेम ३ कलांचा. रेखांशात तो नऊ-दहा कला पूर्वेकडे जातो आणि त्यामुळे कल्याणचा मध्यान्ह ठाण्याच्या मध्यान्हापेक्षा अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक आधी होतो.

अक्षांश जवळजवळ समान असल्यामुळेच ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथे सूर्य एकाच सुमारास डोक्यावर येतो. मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. 'शून्य सावलीचा दिवस' म्हणून अलीकडे परिचित झालेली ही घटना म्हणजे आपल्या अक्षांशाचे प्रत्यक्ष दर्शन होय. अर्थात जुलैत ढग ते घडू देतीलच असे नाही. विषुवदिनीची सावली तर थेट मापच देते. आपल्या परिसरात बारा अंगुळांच्या शंकूची पलभा सुमारे ४ अंगुळे ११ व्यंगुळे येते. छायेला बाराने भागून मिळणाऱ्या गुणोत्तरावरून १९ अंशांहून थोडा अधिक कोन निघतो. काठी, मोजपट्टी आणि महाविद्यालयाचे अंगण एवढ्या साधनांनी 'अक्षांश' या शब्दाचा अर्थ डोळ्यांसमोर उभा करता येतो. 'रुंदी' हा अर्थ मात्र अशा रीतीने कोठल्याही अंगणात दाखविता येणार नाही.

परिभाषेतील गोंधळ

असे असूनही अध्यापनात आपण 'अक्षांश' कसा शिकवितो? 'पृथ्वीवरील काल्पनिक आडव्या रेषा' अशी व्याख्या परीक्षार्थींच्या तोंडी असते. या व्याख्येत दोन चुका आहेत. अक्षांश ही रेषा नव्हे, तो कोन आहे. समान अक्षांशांच्या स्थळांना जोडणारे वर्तुळ ते 'अक्षवृत्त'. इंग्रजीत हा भेद 'लॅटिट्यूड' आणि 'पॅरलल' अशा दोन शब्दांनी दाखवावा लागतो आणि व्यवहारात तो पुष्कळदा पुसला जातो. मराठीने 'अंश' आणि 'वृत्त' या उत्तरपदांनी तो शब्दातच कोरून ठेवला आहे. तरीही 'अक्षांश रेषा' असा प्रयोग आपण सर्रास करतो, तेव्हा स्वतःच्या भाषेतील स्पष्टता टाकून परभाषेतील संदिग्धता उसनी घेतो.

दुसरे उदाहरण खगोलाचे. ग्रहाचे क्रांतिवृत्तापासूनचे उत्तर-दक्षिण अंतर इंग्रजीत पुन्हा 'लॅटिट्यूड'च. भारतीय परंपरेत त्याला 'शर' किंवा 'विक्षेप' म्हणतात. स्थळाचा अक्ष आणि ग्रहाचा शर या भिन्न गोष्टी आहेत आणि मराठी त्यांना भिन्न नावे देते. तिसरे उदाहरण 'लाँगिट्यूड'चे. हिंदीने त्यासाठी 'देशांतर' ही जुनी संज्ञा ठेवली, मराठीने 'रेखांश' स्वीकारली. 'देशांतर'मध्ये उज्जयिनीवरून जाणाऱ्या मध्यरेखेपासूनचे अंतर अभिप्रेत होते; 'रेखांश'मध्ये 'अक्षांश'शी साधलेली समरूपता आहे. दोन्ही निवडी समर्थनीय आहेत. परंतु हिंदी आधारग्रंथ वाचून मराठीत उत्तरे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला हा भेद कोणीतरी सांगावयास हवा.

अर्थविस्तार आणि मराठी पर्याय

आता दुसऱ्या गृहीतकाकडे वळू. चॉसरने १३९१ मध्ये वेधयंत्रावर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथात 'लॅटिट्यूड' हा शब्द ज्योतिषीय अर्थाने आढळतो. 'कृतीची वा मताची मोकळीक' हा अर्थ सतराव्या शतकाच्या आसपास रूढ झाला. त्याच शतकात इंग्लंडच्या धर्मपीठात मतभेदांविषयी उदार भूमिका घेणाऱ्यांना 'लॅटिट्यूडिनेरियन' असे, बव्हंशी उपहासाने, संबोधले जाऊ लागले. रुंदीपासून ऐसपैसपणा आणि त्यापासून उदारता, असा हा सरळ लाक्षणिक विस्तार आहे. 'अक्षांश'मध्ये रुंदी नसल्याने तो विस्तार त्यातून होऊ शकत नाही. कोन कोनच राहतो. म्हणून मराठीला स्वातंत्र्याच्या अर्थासाठी इतरत्र जावे लागले, आणि ती एकाच ठिकाणी गेली नाही.

'मुभा' हा अरबी 'मुबाह' म्हणजे 'ज्यास अनुज्ञा आहे असे' या शब्दापासून आला. मुभा नेहमी कोणी तरी देत असते. देणारा नसेल तर मुभा नाही. 'सवलत' हाही अरबीतून आलेला शब्द असून त्याच्या मुळाशी सुलभता आहे. नियम कायम ठेवून त्याचा भार हलका करणे म्हणजे सवलत. 'सूट' आणि 'मोकळीक' या दोहोंत सुटण्याची, मोकळे होण्याची कल्पना आहे. तेथे आधी बंधन गृहीत धरावे लागते. 'ढील' मध्ये दोरी दुसऱ्याच्या हाती असते. या सर्वांहून निराळा शब्द म्हणजे 'वाव'. दोन्ही हात पसरले असता बोटांच्या टोकांमधील अंतर त्यास मराठीत 'वाव' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'व्याम'पासून आला. दोरी आणि पाण्याची खोली यांची मोजदाद वावांत होत असे. अवकाश, संधी या अर्थाचा 'वाव' व्युत्पत्तीने याहून वेगळा मानला, तरी मराठी भाषकाच्या कानी दोन्ही एकच वाजतात आणि दोहोंत पसरण्याची कल्पना समान आहे. वाव कोणी देऊही शकतो, पण तो मुळात असतोही. 'रुंदी'च्या सर्वांत निकट जाणारा मराठी शब्द हाच होय.

या भेदाचे महत्त्व न्यायनिर्णयांच्या अनुवादात स्पष्ट होते. आर. के. गर्ग विरुद्ध भारत संघ या १९८१ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे प्रतिपादन केले, की आर्थिक व्यवहारांशी संबंधित कायद्यांकडे नागरी हक्कांना स्पर्श करणाऱ्या कायद्यांच्या तुलनेत अधिक 'लॅटिट्यूड'ने पाहावे. येथे 'अधिक सवलत' असे भाषांतर केल्यास आर्थिक कायद्याला संविधानाच्या कसोटीतून अंशतः वगळले आहे, असा समज होईल. 'अधिक मुभा' म्हटल्यास विधिमंडळ न्यायालयाच्या परवानगीने कायदे करते, असे सूचित होईल. 'विधिमंडळाच्या निर्णयाला अधिक वाव ठेवून पाहावे' असे म्हटल्यास कसोटी कायम राहते आणि विधिमंडळाचे क्षेत्र त्याचे स्वतःचे राहते. इंग्रजी वाचक 'लॅटिट्यूड' वाचून या तिन्ही शक्यतांवरून अलगद पुढे जाऊ शकतो. मराठी अनुवादकाला थांबून निवड करावी लागते. ही अडचण नसून अर्थनिश्चितीची सक्ती आहे.

आपल्या व्यवसायाला याहूनही निकटचे उदाहरण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे आहे. मान्य चौकटीच्या आत आपला अभ्यासक्रम आणि अध्यापनपद्धती आखण्याचे स्वातंत्र्य अध्यापकांना असावे, अशी भूमिका त्यात घेतलेली आहे. तेथील इंग्रजी शब्द 'फ्रीडम' असा असला, तरी 'चौकटीच्या आत' या मर्यादेमुळे आशय 'लॅटिट्यूड'चाच होतो. याविषयी मराठीत बोलताना आपण जवळजवळ नेहमी 'अध्यापकांना मुभा देण्यात आली आहे' असे म्हणतो. या वाक्यात देणारा कोणी तरी आहे, घेणारा आपण आहोत आणि दिलेले परत घेतले जाण्याची शक्यता अनुस्यूत आहे. 'अध्यापकाला वाव आहे' असे म्हणताच वाक्याचा तोल बदलतो. तो वाव अध्यापनकर्माचाच घटक ठरतो आणि तो वापरला नाही, तर त्याची जबाबदारी आपल्यावर येते. कोणता शब्द वस्तुस्थितीला धरून आहे हे प्रत्येक ठिकाणी तपासावे लागेल. काही ठिकाणी प्रामाणिक उत्तर 'मुभा' असेच येईल, आणि तसे असेल तर ते तसेच म्हणावे. मुभेला वाव म्हणून मिरविणे जितके अयोग्य, तितकेच वाव असताना मुभेची वाट पाहत बसणेही अयोग्य.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते, की 'लॅटिट्यूड' या एका शब्दात इंग्रजीने नकाशाची रुंदी आणि मनाची रुंदी एकत्र ठेवली, तर मराठीने त्या दोन वाटा अलग ठेवल्या. स्थानासाठी तिने 'अक्षांश' हा काटेकोर शब्द राखला, जो निरीक्षकाचे त्याच्या आकाशाशी असलेले नाते अंशांत सांगतो. स्वातंत्र्यासाठी तिने अनेक शब्द बाळगले, जे ते स्वातंत्र्य कोणाचे आणि कोणाकडून आले हे विचारायला लावतात. पहिल्या बाबतीत शब्दाबरोबरची सावली आपण वर्गात हरवून बसलो आहोत; दुसऱ्या बाबतीत शब्दांमधील भेद. दोन्ही परत मिळविण्यासाठी नव्या परिभाषा-समितीची गरज नाही. मार्च किंवा सप्टेंबरच्या विषुवदिनी दुपारी भूगोलाच्या आणि मराठीच्या अध्यापकांनी आपापल्या विद्यार्थ्यांसह अंगणात एक काठी रोवावी, सावली मोजावी आणि मग वर्गात येऊन 'मुभा' आणि 'वाव' यांतील अंतर फळ्यावर मांडावे. आंतरविद्याशाखीय अध्यापनाचा हा अत्यंत अल्पखर्चिक प्रयोग ठरेल, आणि त्यासाठी कोणाची मुभा घ्यावी लागेल असे वाटत नाही.